आई-बाबांना घेऊन दहा दिवस: युटा-ॲरिझोनातल्या अकरा ठिकाणांचा माझा क्रम

डॅलसहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा कोल्हापूरहून येणार आहेत. बाबा ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आईंचे गुडघे दुखतात. मुलं ११ आणि १४ वर्षांची. लास व्हेगासला उतरून गाडी घ्यायची, दहा दिवस फिरायचं आणि तिथूनच परतायचं. यादीत अकरा ठिकाणं आहेत: ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही सहा नॅशनल पार्क्स, सीडर ब्रेक्स, नॅचरल ब्रिजेस, ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे आणि कॅन्यन डी शे ही चार नॅशनल मॉन्युमेंट्स, शिवाय मॉन्युमेंट व्हॅली. यातलं काय पाहावं, कोणत्या क्रमानं, आणि वेळ कमी पडला तर 'मॉन्युमेंट' लिहिलेली ठिकाणं दुय्यम समजून गाळली तर चालेल का?

मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकले. गेली अठरा वर्षं युटात राहून आपल्याकडच्या कुटुंबांना याच रस्त्यांवर फिरवते आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

मॉन्युमेंट हा पार्कपेक्षा कमी दर्जा नाही. फरक कायद्यातला आहे. नॅशनल पार्क जाहीर करायला अमेरिकेच्या संसदेचा कायदा लागतो. मॉन्युमेंट राष्ट्राध्यक्ष एका सहीनं जाहीर करू शकतात. हा अधिकार त्यांना १९०६ च्या अँटिक्विटीज ॲक्टनं मिळाला, आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर पहिलं मॉन्युमेंट म्हणून जाहीर केला. तुमच्या यादीतली सहा पार्क्स बघा. ग्रँड कॅन्यन १९०८ मध्ये मॉन्युमेंट झालं आणि १९१९ मध्ये पार्क. झायन १९०९ मध्ये मुकुंटुवीप नावाचं मॉन्युमेंट होतं. ब्राइस १९२३ मध्ये मॉन्युमेंट, १९२८ मध्ये पार्क. आर्चेस १९२९ मध्ये आणि कॅपिटल रीफ १९३७ मध्ये मॉन्युमेंट झाली, आणि दोन्ही १९७१ मध्ये पार्क. सहापैकी पाच आधी मॉन्युमेंट होती. एकटं कॅन्यनलँड्स १९६४ मध्ये थेट पार्क म्हणून जन्माला आलं. १९७० साली कोणी 'फक्त पार्कच बघू' म्हणून निघाला असता तर आर्चेसची डेलिकेट आर्च त्याच्या यादीत आलीच नसती. दगड तेच, कमान तीच.

व्यवहारात जो फरक पडतो तो देखभाल कोणाकडे आहे याचा. नॅचरल ब्रिजेस आणि सीडर ब्रेक्स ही मॉन्युमेंट्स नॅशनल पार्क सर्व्हिसकडेच आहेत. तिथे पार्कसारखाच डांबरी रस्ता, पाट्या, स्वच्छतागृह, रेंजर सगळं आहे. ग्रँड स्टेअरकेस मात्र ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे. तिथे बहुतेक ठिकाणी कठडा नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. म्हणून 'मॉन्युमेंट आहे का?' असं विचारू नका, 'कोण सांभाळतं?' असं विचारा.

आता क्रम कसा लावते ते सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला पाच दिवसांत सहा ठिकाणं दाखवली होती. चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्यातले आजोबा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, "ताई, आता दगड पुरे." चूक माझी होती. त्यांनी सहा ठिकाणी फक्त फोटोपुरतं उतरून पाहिलं होतं, एकाही ठिकाणी उजेड बदलताना पाहिला नव्हता. तेव्हापासून माझा निकष एकच आहे: गाडीतून उतरून, फार न चालता, दोन-तीन तास एका जागी घालवले तर ती जागा किती देते? सौंदर्याच्या तराजूत ही अकराही ठिकाणं जड आहेत. पण थांबायला मिळालं नाही तर त्यातली काही एकदम हलकी होतात, काही होत नाहीत.

तुमच्या घरासाठी माझा पहिला क्रमांक ब्राइस कॅन्यनचा.

नाव कॅन्यन असलं तरी ते खोरं नाही. नदीनं कापलेली दरी इथे नाहीच. एका उंच पठाराची पूर्वेकडची कड झिजत झिजत अर्धवर्तुळाकार प्रचंड रंगमंचासारखी झाली आहे, आणि त्यात हजारो सुळके उभे आहेत. त्यांना हूडू म्हणतात. वर्षातल्या जवळपास अर्ध्या दिवसांत इथे रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि दगड फोडतं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तळ्यात साचलेला हा चुनखडीचा गाळ. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टपेक्षाही हा खडक वयानं लहान. त्यातल्या लोहामुळे गुलाबी, केशरी, तांबूस छटा येतात. इथल्या पायूट लोकांची कथा अशी आहे की हे सुळके म्हणजे पूर्वीची माणसंच. वाईट वागली म्हणून कोयोटीनं, म्हणजे लांडग्यासारख्या एका प्राण्यानं, त्यांचे दगड केले. अहल्येची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. तुमच्या आईंना ती कड्यावर उभं राहूनच सांगा.

आता कामाचं. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कड्यावरची वाट अर्ध्या मैलाची, फरसबंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे. जागोजागी बाकं आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला एवढ्या कमी चालण्यात एवढं मोठं दृश्य या अकरांपैकी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मुलांना घेऊन तुम्ही क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप जोडून सुमारे तीन मैलांची फेरी करा, सुळक्यांच्या पायथ्याशी उतरून परत वर. आई-बाबा वरच बसतील आणि त्यांना काहीही चुकल्यासारखं वाटणार नाही.

एक गोष्ट विसरू नका. सनसेट पॉइंट या नावावर जाऊन संध्याकाळी तिथे सूर्यास्त पाहायला पोचू नका. हा कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य तुमच्या पाठीमागे मावळतो आणि समोरचं सगळं सावलीत जातं. ब्राइस पहाटेचं आहे. ब्राइस पॉइंटवर उजाडायच्या आधी अर्धा तास पोचा. सूर्य समोरून वर येतो आणि उजेड सुळक्यांच्या आरपार गेल्यासारखा दिसतो, एखाद्या पातळ हिऱ्या-माणकाच्या खड्यातून जावा तसा. सप्टेंबरअखेर पहाटे तापमान शून्याच्या आसपास असतं. स्वेटर, कानटोपी, हातमोजे न्याच. कोल्हापूरहून येणाऱ्या माणसाला सप्टेंबरमध्ये एवढी थंडी डोळ्यांसमोर येत नाही.

उंचीबद्दल. ब्राइसची कड ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, तर निघण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना हाच आकडा सांगून विचारा. 'अमेरिकेत फिरायला जातोय' एवढंच सांगू नका. लास व्हेगासहून थेट ब्राइसला न जाता आधी झायनला, म्हणजे सुमारे ४,००० फुटांवर, एक रात्र काढा. ब्राइसला पोचल्यावर पहिल्या दिवशी काहीच करू नका, भरपूर पाणी आणि लवकर झोप. याच कारणासाठी सीडर ब्रेक्स तुमच्या यादीतून मी काढते आहे. ते मॉन्युमेंट अप्रतिम आहे, १९३३ चं, ब्राइसचाच धाकटा भाऊ म्हणावा असं, जुलैत तिथे रानफुलांचे गालिचे असतात. पण त्याची कड १०,००० फुटांच्या वर आहे, आणि जवळजवळ तेच खडक, तेच रंग तुम्हाला ब्राइसला कमी उंचीवर मिळणार आहेत. धडधाकट लोक आले तर मी त्यांना आवर्जून नेते. तुम्हाला नेणार नाही.

दुसरा क्रमांक कॅपिटल रीफचा, आणि इथे बरेच जण माझ्याशी वाद घालतात. 'त्यापेक्षा आर्चेस पाहू', असं म्हणतात. मी ऐकत नाही, आणि त्याचं निम्मं कारण तिथे जायचा रस्ता हे आहे.

ब्राइसहून हायवे १२ घ्या. सुमारे तीन तासांचा प्रवास आहे, पण मी त्याला अख्खा दिवस देते. एस्कलांटे गावानंतर रस्ता उघड्या पांढऱ्या खडकांमधून जातो. पुढे हॉगबॅक नावाच्या भागात दोन्ही बाजूंना दरी आणि मध्ये जेमतेम रस्त्यापुरती धार. गाडी चालवणाऱ्यानं तिथे दृश्य पाहू नये, थांबायच्या जागांवरच पाहावं. मग बोल्डर माउंटन चढतो, ९,००० फुटांच्या वर. सप्टेंबरच्या शेवटी तिथे ॲस्पनची झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि वाऱ्यानं पानं अशी थरथरतात की पिंपळाची आठवण यावी.

आणि हाच रस्ता तुम्हाला ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे मॉन्युमेंटमधून नेतो. ते वेगळं 'पाहायला' जायची गरज नाही, जाता येणारही नाही. हे एक ठिकाण नाही, मुलूख आहे: १८ लाख ७० हजार एकर, म्हणजे गोव्याच्या दुपटीएवढा. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी तो जाहीर केला, २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ निम्मा केला, २०२१ मध्ये जो बायडन यांनी पुन्हा पूर्ण केला. सहीनं मिळालेलं सहीनं कमी करता येतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. मॉन्युमेंट आणि पार्क यांतला खरा धोक्याचा फरक असेल तर तो हा आहे. मला त्याची काळजी वाटते, कारण त्या मुलखात कोळसा आहे आणि असे खडकांचे थर आहेत, ज्यांत अजूनही डायनासोरच्या नव्या जाती सापडतात. आत जाणारे मातीचे रस्ते पावसात साबणासारखे होतात. भाड्याची गाडी घेऊन त्यांवर जाऊ नका. हायवेवरून जे दिसतं तेच भरपूर आहे.

कॅपिटल रीफला पोचलात की आधी फ्रूटाला जा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी इथे फ्रीमाँट नदीकाठी बागा लावल्या. लाल कड्यांच्या कुशीत सफरचंद, पेअर, पीच, जर्दाळू. आता त्या बागा पार्क सर्व्हिस सांभाळते, आणि हंगामात ज्या बागेवर तोडणी चालू असल्याची पाटी असेल तिथे तुम्ही स्वतः फळं तोडू शकता. बागेत उभं राहून खाल्लं तर फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पेटीत पैसे टाकायचे. तुम्ही येणार तेव्हा सफरचंदांचा मोसम असतो. शेतीवाडीच्या घरातल्या माणसांना इथून हलवणं मला नेहमी जड जातं. माझ्याबरोबर आलेल्या एका आजींनी पार्कमधलं बाकी काहीही पाहायला नकार दिला होता. दोन तास त्या त्या झाडांखाली फिरल्या, खोडांना हात लावून बघत होत्या, पाणी कसं दिलंय ते पाटापाटानं पाहत होत्या. परतीच्या विमानतळावर त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं हे मला विचारावं लागलं नाही.

मुलांसाठी इथली मोठी गंमत म्हणजे वॉटरपॉकेट फोल्ड. जमिनीच्या थराला पडलेली जवळजवळ १०० मैल लांबीची घडी. नाव पडलं ते वालुकाश्मात झिजून झालेल्या आणि पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या खळग्यांवरून. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. मात्र घडण निराळी: निघोजला कुकडी नदीनं गोटे फिरवून बेसॉल्ट कोरला, इथे बहुतेक खळगे पावसाच्या पाण्यानं आणि वाऱ्यानं हळूहळू खाल्लेले आहेत. हायवे २४ च्या कडेलाच फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कड्यावर कोरलेल्या आकृती आहेत, लाकडी वाटेवरून, गुडघ्यांना त्रास न होता पाहता येतात. टोरी गावात दोन रात्री राहा.

तिसरा क्रमांक ग्रँड कॅन्यन, पण एका अटीवर: दोन रात्री काठावर. लास व्हेगासहून एका दिवसात जाऊन-येऊन करणार असाल तर मी तो सातवर टाकते. नऊ तास गाडीत आणि दुपारच्या सपाट उजेडात दीड तास. तेवढ्यात ती दरी एखाद्या रंगवलेल्या पडद्यासारखी दिसते, खोली कळतच नाही. सकाळी आणि संध्याकाळी सावल्या पडल्या की मग एक एक कडा सुटा होऊन पुढे येतो.

दक्षिण काठावर जा, साउथ रिम. उत्तर काठ जास्त उंच आहे, लास व्हेगासच्या फेरीत तो आडवाटेला येतो, आणि २०२५ च्या जुलैत तिथलं जुनं लॉज वणव्यात जळून गेलं. तुम्ही पूर्वेकडून, डेझर्ट व्ह्यूच्या बाजूनं आत शिरणार आहात. ही मोठी सोय आहे, कारण गर्दी पश्चिमेकडे असते. १९३२ मधला मेरी कोल्टर यांनी बांधलेला दगडी मनोरा तिथे आहे. त्यानंतर लिपान पॉइंटला थांबा. इथून नदी दिसते, आणि समोर पश्चिमेकडे नजर टाकली तर देवळाच्या शिखरासारखा निमुळता होत गेलेला एक डोंगर दिसतो. त्याचं अधिकृत नाव विष्णू टेंपल. १८८० च्या सुमारास इथे काम करणारे भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांना या शिखरांत पूर्वेकडच्या देवळांची आठवण झाली, आणि त्यांनी तशी नावं द्यायला सुरुवात केली. मग ती प्रथाच पडली. आज नकाशावर शिव टेंपल आहे, ब्रह्मा टेंपल आहे, राम आणि कृष्ण यांच्या नावाची शिखरं आहेत, मनू आणि बुद्धही आहेत. दरीच्या तळाच्या सगळ्यात जुन्या खडकांत जो आहे त्याला विष्णू शिस्ट म्हणतात, वय सुमारे १७५ कोटी वर्षं. बाबांना हे आधी सांगू नका. लिपान पॉइंटवर नकाशा हातात द्या आणि वाचू द्या.

मुलांना यावापाई भूगर्भ संग्रहालयापासून निघणाऱ्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर न्या. सपाट, पक्की वाट, आणि तिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेच्या कडेला त्या त्या वयाचे खडक ठेवलेत, हात लावता येतो. मी आपल्या मुलांना तिथे एक खेळ लावून देते. आजपासून मागे ६६ मीटर चाला, तिथे थांबा: इथे दख्खनचा लाव्हा वाहत होता, रायगड-प्रतापगड ज्या दगडात आहेत तो दगड तयार होत होता. आता २७० मीटरपर्यंत जा: आत्ता तुम्ही ज्या कड्यावर उभे आहात त्याचा सगळ्यात वरचा थर हा. म्हणजे इथला सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण दगड आपल्या सह्याद्रीच्या चौपट म्हातारा. आणि ही दरी नदीनं कोरायला लागून मात्र पाच-सहाच मीटर झाले आहेत. एवढं पायांनी मोजल्यावर पुस्तकातल्या कोटी-लाखांना अर्थ येतो.

आईंसाठी: हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते, शटल बस चालते. चालण्याचा त्रास असलेली व्यक्ती गाडीत असेल तर 'ॲक्सेसिबिलिटी परमिट' फुकट मिळतं आणि तुमची गाडी आत नेता येते. प्रवेशद्वारावरच मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

चौथा क्रमांक कॅन्यन डी शे. यादीतल्या मॉन्युमेंट्समध्ये तुम्ही ते सगळ्यात शेवटी, प्रश्नचिन्हासह लिहिलंय. ते १९३१ चं मॉन्युमेंट आहे, पण जमीन नवाहो या मूळ अमेरिकी लोकांची, आणि दरीच्या तळाशी आजही नवाहो कुटुंबं शेती करतात, मेंढ्या राखतात. वर कड्यावरून खाली पाहिलं की तांबड्या भिंतींच्या मध्ये मक्याची हिरवी पट्टी दिसते. ग्रँड कॅन्यन पाहताना माणूस गप्प होतो. इथे तसं होत नाही, इथे आपण कोणाच्या तरी अंगणात डोकावतोय हे जाणवतं. त्याच भिंतींच्या कपारीत नवाहोंच्याही आधी इथे राहणाऱ्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांची शेकडो वर्षांपूर्वीची घरं आहेत. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं इथल्या पीचच्या बागा तोडल्या आणि नवाहोंना शेकडो मैल दूर न्यू मेक्सिकोत चालत नेलं. चार वर्षांनी ते परत आले. साउथ रिम ड्राइव्हच्या शेवटी स्पायडर रॉक हा सुळका दरीच्या तळातून साडेसातशे फुटांहून उंच उभा आहे. नवाहोंना विणकाम शिकवणारी स्पायडर वुमन तिथे राहते, असं ते मानतात. कड्यावरचा रस्ता स्वतःच्या गाडीनं, प्रवेशशुल्क नाही. खाली उतरायचं तर नवाहो वाटाड्याबरोबर जीपमधून. ते जरूर करा, बाबांनाही झेपेल. खडबडीत रस्ता आहे, पण चालणं थोडं. लोकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

नॅचरल ब्रिजेस पाचवं. १९०८ चं, युटातलं पहिलं मॉन्युमेंट. नऊ मैलांचा एकेरी रस्ता, तीन पूल: सिपापू, कचिना, ओवाचोमो, तिन्ही नावं होपी या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतली. आर्चेसमधल्या कमानी आणि हे पूल एक नव्हेत. कमान पाऊस, हिम आणि वारा यांनी झिजून होते. पूल वाहत्या पाण्यानं वळणाची भिंत फोडून केलेला असतो. आणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल तुम्ही पाहिला असेल तर तत्त्व तेच, मोजमाप वेगळं: सिपापूची उंची २२० फूट, लांबी २६८ फूट. ओवाचोमोपर्यंत जाऊन-येऊन अर्ध्या मैलाहूनही कमी चाल आहे, थोडा उतार आहे, आई सावकाश जाऊ शकतील. जमलं तर अंधार पडेपर्यंत थांबा. २००७ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून याच जागेची निवड झाली. इथली आकाशगंगा मुलांना दाखवा.

झायन सहावं. वीस वर्षांच्या मुलांचा गट असता तर मी ते पहिलं ठेवलं असतं, कारण झायनचं सर्वोत्तम जे आहे ते पायांनी मिळवावं लागतं: व्हर्जिन नदीच्या पाण्यातून चालायचे नॅरोज, किंवा एंजल्स लँडिंगचा साखळ्या धरून चढायचा कडा, ज्याला २०२२ पासून सोडतीतून परवाना लागतो. तुमच्या घराला तळातून भिंती पाहायच्या आहेत, तर रिव्हरसाइड वॉक पुरे. पण शटलच्या रांगेत तास-तास जातो. एक रात्र राहा, सकाळी पहिल्या शटलनं जा, दहापर्यंत बाहेर पडा. पूर्वेकडे जाताना १९३० मधला एक मैलाहून लांब बोगदा लागतो. त्यापलीकडच्या खडकांवरच्या तिरक्या रेघा मुलांना दाखवा. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या आहेत त्या, आणि रेघांच्या कलावरून तेव्हाचा वारा कुठून वाहत होता ते सांगता येतं.

मॉन्युमेंट व्हॅली सातवी. नावात मॉन्युमेंट असलं तरी ती नॅशनल मॉन्युमेंट नाही, १९५८ पासून नवाहोंचं स्वतःचं पार्क आहे, त्यामुळे अमेरिकेचा कुठलाही पार्क पास तिथे चालत नाही. संध्याकाळी तीन सुळके पाहा, आणि पुढे निघा.

आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या वेळी सोडा. त्यांच्याजवळच्या मोॲब गावाला वळलात तर दोन रात्री जातात, आणि त्या कॅपिटल रीफ किंवा ग्रँड कॅन्यनमधूनच कापाव्या लागतात. डेलिकेट आर्चपर्यंत तीन मैल जाऊन-येऊन, उघड्या खडकावरून ४८० फुटांचा चढ. आई-बाबांना ती लांबूनच दिसेल. ही दोन पार्क्स पुढच्या वेळी डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीच्या बाजूनं, तुम्ही आणि मुलं मिळून करा.

म्हणजे मुक्काम असे: झायनजवळ एक, ब्राइस दोन, टोरी दोन, नॅचरल ब्रिजेसनंतर ब्लफ गावात एक, कॅन्यन डी शेजवळच्या चिनलेला एक, ग्रँड कॅन्यन दोन. टोरीहून निघताना हँक्सव्हिलला टाकी भरा, पुढे हायवे ९५ वर लांबपर्यंत पेट्रोल मिळत नाही. नॅचरल ब्रिजेसहून ब्लफला जाताना नकाशा मोकी डगवे नावाचा जवळचा रस्ता सुचवेल. कच्चा, कठड्याविना, वळणावळणांनी कडा उतरणारा. तुम्ही तो घेऊ नका, ब्लँडिंगवरून फिरून जा.

घड्याळाचा घोळ जरूर समजून घ्या. युटाचं घड्याळ लास व्हेगासच्या एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, पण ॲरिझोनातला नवाहो भाग बदलतो. म्हणून चिनलेला युटाचीच वेळ, आणि ग्रँड कॅन्यनला पोचलात की एक तास मागे. जीपवाल्या वाटाड्याला वेळ देताना 'नवाहो टाइम' असं स्पष्ट विचारून घ्या.

पैशांचं: २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी दर बदलले आहेत. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांचा २५० डॉलर. आणि पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला ११ पार्क्समध्ये प्रत्येकी १०० डॉलर जास्तीचे पडतात. तुमच्या यादीतली ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस त्या अकरांत आहेत. कॅपिटल रीफ आणि मॉन्युमेंट्स नाहीत. एका गाडीत रहिवासी आणि पाहुणे दोन्ही असताना नियम कसा लागतो, ते निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या अधिकृत पानावर वाचून ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर टोरी, ब्लफ आणि चिनलेला शाकाहारी माणसाचे हाल होतात. छोटा राइस कुकर, मेतकूट, भाजणी आणि तूप बरोबर घ्या. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीत नको. नवाहो हद्दीत दारू नेणं गुन्हा आहे, म्हणून गाडीत तशी बाटली असेल तर आधीच काढून टाका.

आज रात्रीच दोन आरक्षणं करा, बाकी सगळं नंतर चालेल: ग्रँड कॅन्यनच्या काठावरच्या लॉजच्या दोन रात्री आणि ब्राइसच्या दोन रात्री. काठावरची खोली मिळाली नाही तर टुसायान गावात पाहा. तिथेही नाही मिळाली, तर सगळा दौरा एक आठवडा पुढे ढकला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही फ्रूटाला सहसा सफरचंदं असतात.